दाढीच्या साबणाचा हिशेब : वडी किती टिकते, दाढी कितीला पडते?

दुकानात दाढीच्या साबणाची वडी चारशे रुपयांना आणि शेजारी क्रीमची ट्यूब नव्वद रुपयांना दिसली, की हात ट्यूबकडे जातो. पण ती ट्यूब एक दिवसाआड दाढी करणाऱ्याला तीनेक महिने पुरते आणि चांगली कठीण वडी नऊ महिने. त्यामुळे पाकिटावरची किंमत पाहून दोन्हींची तुलना होत नाही. दुसरीकडे, ‘वडी घेतली की पैसे वाचतात’ हेही सरसकट खरे नाही. काही वड्या ट्यूबपेक्षा चौपट महाग पडतात, काही पावसाळ्यात डबीतच विरघळून जातात.

ब्रश, फेस आणि साधे दुधारी ब्लेड वापरून दाढी करण्याकडे आता पुन्हा अनेक जण वळत आहेत. त्यांच्यासाठी हा हिशेब मांडला आहे. यात लक्षात ठेवायचे एकच आहे : साबणाची किंमत वडीवर नाही, एका दाढीवर मोजा.

कठीण वडी म्हणजे नेमके काय?

शाळेतल्या रसायनशास्त्रात कठीण साबण आणि मृदू साबण असे दोन प्रकार शिकवतात. तेल किंवा चरबी कॉस्टिक सोड्याबरोबर शिजवली की सोडिअमचा कठीण साबण होतो, कॉस्टिक पोटॅशबरोबर शिजवली की पोटॅशिअमचा मृदू साबण. सोडिअमचा साबण टिकतो, पण ब्रशवर लवकर उतरत नाही. पोटॅशिअमचा साबण भराभर फेस देतो, पण मऊ राहतो आणि लवकर संपतो. दाढीच्या चांगल्या वडीत दोन्हींचा मेळ घातलेला असतो आणि त्यात स्टिअरिक आम्लाचे प्रमाण भरपूर असते. हे आम्ल वडीला घट्टपणा देते आणि फेसालाही. दाढी संपेपर्यंत गालावर न विरणारा, सायीसारखा दाट फेस त्याच्यामुळे मिळतो.

अंघोळीच्या साबणाने दाढी का करू नये, याचे उत्तरही इथेच आहे. त्यातला खोबरेल तेलाचा अंश मोठे, हलके बुडबुडे देतो. ते दिसायला भरपूर असतात, पण मिनिटाभरात बसतात आणि ब्लेड कोरड्या त्वचेवर ओढले जाते.

वडी किती टिकेल हे तिच्यात उरलेल्या पाण्यावर अवलंबून असते. जुन्या कारखान्यांत साबणाच्या चकत्या रोलरमधून तीनदा काढून, सुकवून, मग दाबाखाली वडी पाडतात. पाकिटावर ‘ट्रिपल मिल्ड’ लिहिलेले असते ते यासाठी. अशी वडी घट्ट आणि जड असते, नखाने सहज ओरखडत नाही. हाताने बनवलेल्या छोट्या उद्योगांच्या वड्या अनेकदा मऊ असतात. त्यांचा फेस उत्तम असू शकतो, पण ब्रश एका फेऱ्यात जास्त साबण उचलतो. पारदर्शक दिसणाऱ्या ग्लिसरिनच्या वड्या हा तिसरा प्रकार. त्या वितळवून साच्यात ओतलेल्या असतात आणि ओल्या राहिल्या तर सगळ्यांत आधी झिजतात.

एका दाढीचा खर्च असा काढा

सूत्र सोपे आहे : किंमत भागिले वजन (ग्रॅममध्ये), गुणिले एका दाढीला लागणारे ग्रॅम.

कठीण वडीतून एका दाढीला साधारण अर्धा ते एक ग्रॅम साबण जातो. क्रीम दीड-दोन ग्रॅम लागते, कारण तिच्यात पाणी आधीच असते. डब्यातला तयार फोम त्याहून बराच जास्त लागतो. खालचे भाव हिशेब समजावा म्हणून धरले आहेत. त्यांच्या जागी तुमच्या दुकानातला भाव घाला.

- क्रीमची ट्यूब : 70 ग्रॅम, 90 रुपये, दाढीला 1.5 ग्रॅम. सुमारे 46 दाढ्या. एका दाढीला 1 रुपया 93 पैसे.
- साबणाची कांडी : 75 ग्रॅम, 250 रुपये, दाढीला 0.8 ग्रॅम. सुमारे 93 दाढ्या. एका दाढीला 2 रुपये 67 पैसे.
- कठीण वडी : 100 ग्रॅम, 400 रुपये, दाढीला 0.7 ग्रॅम. सुमारे 142 दाढ्या. एका दाढीला 2 रुपये 80 पैसे.
- मऊ किंवा ग्लिसरिनची वडी : 100 ग्रॅम, 350 रुपये, दाढीला 1.5 ग्रॅम. सुमारे 66 दाढ्या. एका दाढीला 5 रुपये 25 पैसे.
- फोमचा डबा : 200 ग्रॅम, 220 रुपये, दाढीला 5 ग्रॅम. सुमारे 40 दाढ्या. एका दाढीला 5 रुपये 50 पैसे.
- परदेशी कठीण वडी : 125 ग्रॅम, 1,500 रुपये, दाढीला 0.7 ग्रॅम. सुमारे 178 दाढ्या. एका दाढीला 8 रुपये 40 पैसे.

या यादीतून तीन गोष्टी दिसतात. साधी ट्यूब आजही सर्वांत स्वस्त पडते. कठीण वडी तिच्यापेक्षा रुपयाभराने महाग आहे, पण फोमच्या निम्म्याने पडते. आणि 350 रुपयांची मऊ वडी 400 रुपयांच्या कठीण वडीपेक्षा जवळजवळ दुप्पट महाग आहे. पाकिटावर मात्र ती पन्नास रुपयांनी स्वस्त दिसते. खरेदीत सगळ्यांत जास्त फसगत इथेच होते.

स्वतःचा आकडा काढायचा असेल, तर कोरडी वडी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून वजन लिहून ठेवा. एका दाढीने होणारा फरक हा काटा दाखवणार नाही. वीस दाढ्यांनंतर वडी दोन दिवस उघड्यावर पूर्ण सुकू द्या, पुन्हा वजन करा आणि फरकाला वीसने भागा. ओल्या वडीचे वजन केले तर हिशेब चुकतो, कारण तिने पाणी शोषलेले असते. काटा नसेल तर डबीच्या तळाशी सुरुवातीची तारीख लिहा. वडी संपेल त्या दिवशी उत्तर मिळेल.

खरी बचत ब्लेडमध्ये आहे

साबणात फरक रुपया-दोन रुपयांचा. ब्लेडमध्ये तो कितीतरी मोठा असतो. तीन पात्यांचे कार्ट्रिज 150 रुपयांना धरले आणि ते दहा दाढ्या चालले, तर एका दाढीला 15 रुपये झाले. दुधारी ब्लेड दहा रुपयांच्या आत मिळते. 6 रुपयांचे ब्लेड चार दाढ्या चालले तर एका दाढीला दीड रुपया. म्हणजे दर दाढीमागे साडेतेरा रुपयांचा फरक.

आता सुरुवातीचा खर्च बघा. धातूचे चांगले सेफ्टी रेझर आणि कृत्रिम केसांचा ब्रश मिळून हजार रुपये धरले, तर ते 74 दाढ्यांत वसूल होतात. एक दिवसाआड दाढी करणाऱ्याला पाच महिने लागतील. फेस करायला वेगळी वाटी विकत घेण्याची गरज नाही. घरातली खोलगट स्टीलची वाटी पुरते. दाढीनंतर तुरटीचा खडा ओल्या गालावर फिरवून चेहरा धुतला, की आफ्टरशेव्हचा खर्चही वाचतो.

म्हणून फक्त पैसे वाचवायचे असतील तर आधी रेझर बदला आणि साबण नंतर. चांगल्या वडीचा फायदा दाट फेस, कमी ओरखडे आणि प्लास्टिकच्या रिकाम्या ट्यूब-डब्यांपासून सुटका, असा आहे.

पाकीट कसे वाचावे?

निव्वळ वजन आधी बघा. खोका मोठा आणि आतली वडी छोटी, असे अनेकदा असते. काही मऊ साबणांच्या डब्यांवर वजनाऐवजी मिलिलिटर लिहितात. फेटून हलका केलेला साबण 150 मिलिलिटर असला, तरी त्याचे वजन 150 ग्रॅम असेलच असे नाही. तुलना नेहमी ग्रॅमवर करा. आवेष्टित वस्तूंवर आता एकक किंमत, म्हणजे एका ग्रॅमचा भाव, छापलेली असते. ती शोधा.

मग घटकांची यादी वाचा. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, म्हणून पहिली चार-पाच नावे महत्त्वाची.

- स्टिअरिक ॲसिड, पोटॅशिअम स्टिअरेट, सोडिअम स्टिअरेट, सोडिअम पामेट ही नावे सुरुवातीला असतील तर वडी टिकाऊ असण्याची शक्यता जास्त.
- पाणी, प्रॉपिलिन ग्लायकॉल, सॉर्बिटॉल, सोडिअम लॉरेथ सल्फेट ही नावे वर असतील तर ती वितळवून ओतलेली वडी आहे. टिकाऊपणाची अपेक्षा ठेवू नका.
- ग्लिसरिन मधोमध असणे चांगले. ते त्वचा ओली ठेवते. पण तेच पहिले असेल तर वडी हवेतला ओलावा ओढून घाम आल्यासारखी चिकट होते.
- ईडीटीए हे नाव दिसले तर ते कठीण पाण्यात उपयोगी पडते.

22 सप्टेंबर 2025 पासून शेव्हिंग क्रीम आणि अंघोळीच्या साबणाच्या वड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे. जुन्या साठ्याची छापील किंमत आणि नव्या साठ्याची किंमत पाहून घ्या.

चरबी की तेल?

अनेक घरांत हा प्रश्न किमतीच्या आधी येतो. युरोपातल्या जुन्या, नावाजलेल्या वड्यांमध्ये गाईची किंवा मेंढीची चरबी वापरण्याची परंपरा आहे. घटकांत टॅलो, सोडिअम टॅलोवेट किंवा पोटॅशिअम टॅलोवेट लिहिलेले असेल तर तो साबण चरबीचा. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डची ‘मिचेल्स वूल फॅट’ ही प्रसिद्ध वडी चरबीची आहे आणि शिवाय तिच्यात मेंढीच्या लोकरीतून निघणारे लॅनोलिन असते. तुर्कस्तानची ‘आर्को’ ही जगभर स्वस्त म्हणून वाखाणली जाणारी कांडीसुद्धा चरबीची म्हणूनच ओळखली जाते.

जर्मनीच्या ‘टबॅक’ या साबणाचे उदाहरण ग्राहकाने लक्षात ठेवावे. तो वर्षानुवर्षे चरबीचा होता. काही वर्षांपूर्वी नुस्खा बदलून तो वनस्पतिजन्य झाला. नाव तेच, डबी जवळपास तीच, घटक वेगळे. म्हणून मित्राने सांगितले, कुठेतरी वाचले, यावर विसंबू नका. हातात आलेले पाकीट वाचा. स्टिअरिक आम्ल तेलापासूनही येते आणि चरबीपासूनही. हिरवा ठिपका किंवा ‘व्हीगन’ असा स्पष्ट उल्लेख नसेल तर उत्पादकाला विचारा.

वनस्पती तेलाचा साबण कमी प्रतीचा असतो, ही समजूत मात्र सोडून द्यावी. अर्देशिर गोदरेज यांनी स्वदेशीच्या काळात, शंभरेक वर्षांपूर्वी, मुंबईत चरबीविना साबण बनवून बाजारात आणला होता. पाम आणि खोबरेल तेल, त्यात भरपूर स्टिअरिक आम्ल आणि योग्य सुकवणी, एवढे जमले की वनस्पतिजन्य वडी तितकीच कठीण आणि टिकाऊ होते.

तुमचे पाणी कसे आहे?

कठीण पाण्यासाठी पाठ्यपुस्तकात असलेला ‘दुष्फेन’ हा शब्द किती अचूक आहे, ते दाढीच्या वाटीत कळते. पाण्यातले कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअम साबणाला धरून साका बनवतात. आधी त्यांचे पोट भरते, मग उरलेल्या साबणाचा फेस होतो. मुंबईचे तलावांतले किंवा पुण्याचे खडकवासल्याचे पाणी मऊ असते, त्यात थोडा साबण पुरतो. सोलापूर, लातूरकडे बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर राहणाऱ्यांना त्याच वडीतून बराच जास्त साबण घ्यावा लागतो. एका दाढीला 0.7 ऐवजी 1.2 ग्रॅम गेला, तर 142 दाढ्यांची वडी 83 दाढ्यांत संपते. वडी वाईट नसते, पाणी जड असते.

यावर स्वस्त उपाय आहे. फेस करण्यापुरते कपभर पाणी आरओचे घ्या. चेहरा धुवायला नळाचे चालते. उकळून गार केलेल्या पाण्यात तात्पुरता दुष्फेनपणा जातो, कायमचा जात नाही, पण काही ठिकाणी तेवढ्यानेही फरक पडतो. नवी वडी आणली आणि फेस होईना, तर ती टाकून देण्याआधी एकदा आरओच्या पाण्याने करून बघा.

वडी जास्त दिवस टिकवण्यासाठी

माझी पहिली महागडी वडी मी एका पावसाळ्यात घालवली. दाढी झाली की डबीचे झाकण घट्ट लावत होतो. महिन्याभरात वडीचा वरचा थर शिऱ्यासारखा झाला आणि ब्रशवर दुप्पट साबण येऊ लागला. तेव्हापासून पाळत आलेल्या गोष्टी अशा :

1. दाढी झाली की वडीवरचे पाणी ओतून टाका आणि झाकण न लावता सुकू द्या. दोन वड्या आलटून पालटून वापरल्या तर प्रत्येकीला सुकायला पुरेसा वेळ मिळतो. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात वडी न्हाणीघरात ठेवूच नका.
2. ब्रश कोमट पाण्यात भिजवा, पण वडीवर नेण्याआधी झटकून घ्या. निथळता ब्रश फिरवला की साबण वाटीऐवजी मोरीत जातो.
3. कठीण वडीवर ब्रश वीस ते तीस सेकंद गोल फिरवा. केसांच्या टोकांवर दाट लगदा चढला की थांबा. पुढे फेस वाढवायचा तो थेंब थेंब पाणी घालून, आणखी साबण घेऊन नाही.
4. फार कठीण वडी उठत नसेल तर अंघोळीआधी तिच्यावर चमचाभर कोमट पाणी ठेवा. दाढीच्या वेळी तेच पाणी गालाला चोळा, वाया जाणार नाही.
5. हाताने बनवलेली मऊ वडी आणली असेल तर वापरण्याआधी काही आठवडे कपाटात उघडी ठेवा. पाणी उडून ती घट्ट होते.
6. उरलेला पातळ तुकडा फेकू नका. ओला करून नव्या वडीवर दाबून बसवा. कांडीचे शेवटचे टोक किसणीने किसून वाटीच्या तळाशी दाबले, तरी आठ-दहा दाढ्या निघतात.

वडीला भेगा पडल्या तर काळजी नको, ती फक्त सुकली आहे. पण नारिंगी डाग आणि खवट वास आला तर तेल बिघडले आहे, ती वडी वापरू नका.

ब्रश कोणता?

कठीण वडीसाठी दाट आणि थोडा ताठ ब्रश हवा. डुकराच्या केसांचा ब्रश साबण छान उचलतो, पण अनेकांना तो चालत नाही आणि सुरुवातीचे काही आठवडे बोचतो. बॅजरच्या केसांचा महाग असतो. आपल्या हवेत कृत्रिम केसांचा ब्रश सर्वांत सोयीचा : लवकर सुकतो, वास धरत नाही, साबण पिऊन बसत नाही आणि प्राणिजन्य नाही. वापरल्यावर धुवून, झटकून, केस खाली करून टांगा किंवा उभा ठेवा.

कोणी काय घ्यावे?

पहिल्यांदाच सुरुवात करणाऱ्याने परदेशी वडी घेऊ नये. साबण उचलण्याचा हात बसेपर्यंत बराच वाया जातो. तोवर देशी ट्यूब आणि ब्रशवर सराव करा. हात बसला की देशी बनावटीची कठीण वडी किंवा कांडी घ्या. सतत प्रवास करणाऱ्याला कांडी सर्वांत चांगली : वाटी लागत नाही, ओल्या गालावर घासली की ब्रशने तिथेच फेस करता येतो. शिवाय घन साबणाला विमानातल्या हातबॅगेची 100 मिलिलिटरची मर्यादा लागू होत नाही, मऊ साबणाला आणि क्रीमला ती लागू होऊ शकते.

परदेशी वडी एकटी कुरिअरने मागवाल तर पाठवणीचा खर्च आणि आयात कर मिळून ती तिथल्या किमतीच्या दुप्पटही पडू शकते. जर्मनीत किंवा इंग्लंडमध्ये असलेला भाऊ, पुतण्या सुट्टीला येणार असेल तर त्याच्याकडून एक वडी मागवणे जास्त शहाणपणाचे.

ज्यांची त्वचा संवेदनशील आहे त्यांनी सुगंधविरहित वडी निवडावी. फेस कोपराच्या आतल्या बाजूला लावून धुवावा आणि एक दिवस थांबावे. लालसरपणा आला तर ती वडी तुमची नाही. लोकरीची ॲलर्जी असणाऱ्यांनी लॅनोलिन टाळावे. चेहऱ्यावर पुरळ किंवा जखमा असतील तर साबण बदलण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

तक्रार असेल तर

छापील कमाल किमतीपेक्षा जास्त पैसे मागणे बेकायदा आहे. आयात मालावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि मूळ देश लिहिलेला असलाच पाहिजे. ऑनलाइन विक्रीच्या पानावरही मूळ देश दाखवणे बंधनकारक आहे. यांपैकी काही नसेल तर माल घेऊ नका. बिल आणि खोका वडी संपेपर्यंत जपून ठेवा. वजन कमी भरले, घटक वेगळे निघाले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

शेवटी निष्कर्ष : सर्वांत कमी खर्चात भागवायचे असेल तर साधी ट्यूब, ब्रश आणि दुधारी ब्लेड घ्या. रुपयाभर जास्त देऊन चांगला फेस आणि वर्षाचा मोठा भाग टिकणारा साबण हवा असेल तर घटकांची यादी स्टिअरेटने सुरू होणारी, किमान 100 ग्रॅमची, कठीण, चांगली सुकलेली देशी वडी घ्या. ती दर वेळी सुकू द्या आणि आज तिच्या डबीखाली तारीख लिहा. पुढची खरेदी त्या तारखेवरून करा.